मिशीचे एकशे बारा चौकोन

स्पेन कुठंय ते मला ठाऊक नाही.
त्याचा चेहरा मात्र धाग्याधाग्यानं पाठ आहे.

पहिली ऑर्डर आली तेव्हा तो गावाचा नगराध्यक्ष होता.
चाळीस नग. काळा कोट, झुपकेदार मिशी.
नीलमनगरात ग्राफ पेपरवर वाकून
एकेक चौकोन भरला, पत्ते पाडले, जॅकार्डवर चढवले.
नरसय्या म्हणाला,
हा तर आपल्या दुडम वकिलासारखा दिसतोय की बे.

पाच वर्षांनी निरोप: तो प्रांताच्या सभागृहात गेला.
मिशी काढा.
एकशे बारा चौकोन खोडले मी.
वरचा ओठ उघडा पडला;
इतका पातळ असेल असं वाटलं नव्हतं.

मग पाटबंधारे मंत्री.
मागं धरण हवं, धरणात निळं पाणी.
त्या आठवड्यात आमचा नळ सहाव्या दिवशी आला,
पहाटे तीनला.
लक्ष्मव्वा घागरी लावत होती
आणि मी निळ्या सुताची बॉबिन बदलत होतो.

चौथ्यांदा तो अख्ख्या प्रांताचा मुख्य. पाचशे नग.
सोमाणीशेठ फोटो घेऊन स्वतः आले,
कपाळ मागच्या ऑर्डरचंच ठेवा म्हणतायत.
म्हणून त्याचे डोळे साठीचे
आणि कपाळ अठ्ठेचाळीसचं.
तिकडं कुणाला कळलं नसावं.

अर्धा माल विणून झाल्यावर टाय बदलला,
निळ्याचा तांबडा.
पक्ष सोडला म्हणे.
नरसय्या एवढा हसला की धोटा अडकला.
आपल्याकडं उपरणं असतं, म्हणाला, त्यांच्याकडं टाय.

पाचवी ऑर्डर मागावर असतानाच थांबली.
फोनवर शेठ एवढंच म्हणाले, बंद करा.
पडला, वारला, की आत गेला,
मी विचारलं नाही. राहिलेले पैसे विचारले.

विणकाम खालून वर जातं.
टाय झाला होता, हनुवटी झाली होती,
तो पातळ ओठ निम्मा.
लक्ष्मव्वानं तेवढा तुकडा कापून
पाण्याच्या पिंपावर टाकला. चांगला जाड आहे, म्हणाली.

डोळ्यांचे पत्ते अजून खिळ्याला आहेत,
दोरीत ओवलेले,
एक कोपरा उंदरानं खाल्लाय.

परवा गल्लीतला रेवणसिद्ध आला.
नगरसेवकाचं तिकीट जवळजवळ नक्की आहे,
भिंतीवर लावायला स्वतःचा चेहरा हवाय.
फोटो उजेडात धरून पाहिला.
पेन्सिल कानामागून काढली,
आणि आधी विचारलं,
मिशी कायम राहणार ना?