खडीची खाण

एल्मरने चाळीस वर्षं खडी विकली.
मिनेसोटातल्या त्या काउंटीचे निम्मे रस्ते
आमच्याच खाणीतून निघाले, आगोट सांगते,
आणि तिचा हिशेब सहसा चुकत नाही.

सही करताना धाकटा वर्नन एवढंच म्हणाला,
बिल्डर दुप्पट देत होता.
कुणी उत्तर दिलं नाही. कॉफी निवली.
थोरली पेनाचं टोपण शोधत राहिली टेबलाखाली,
बराच वेळ.

आता तिथे लाकडी इमारत, एक लांब खिडकी,
मुलांच्या मापाचे गमबूट,
दारावर पितळी पाटी: लिंडक्विस्ट कुटुंबाकडून.
आडनावात एक अक्षर कमी पडलंय.
राहू दे, म्हणाली आगोट.

फीत कापून झाल्यावर बोलायला उठली:
सत्तावन्न सालच्या जूनमध्ये
पाकोळ्यांनी कड्यात भोकं पाडली,
आणि एल्मरने त्या बाजूचं यंत्र बंद ठेवलं
पिल्लं उडेपर्यंत.
ट्रकचा हप्ता थकला.
मला तर रागच आला होता.

पुढचं कागदावर होतं.
तिने तो घडी करून पर्समध्ये टाकला.

एव्हाना एक मुलगी कड्यापाशी पोचली होती,
भोकं मोजत, बोट न लावता.
एकशे बारा, ओरडली ती,
मग एक पाकोळी सुळकन आत शिरली
आणि ती मोजणी विसरली.