खालची उजवी बाजू

चरईतल्या आमच्या लॅबच्या वहीत चार रकाने :
रुग्णाचं नाव, वय, दाताची छटा, कधी हवंय.
त्या दिवशी पहिला रकाना सोडून दिला.
वयाखाली लिहिलं, पाच कोटी. पेन अडखळलं,
म्हणून पुढे 'अंदाजे' जोडलं.

पागनीस बाईंनी डबी उघडली.
कापसात जबड्याचा तुकडा, माझ्या करंगळीएवढा,
दोन दाढा, आणि तिसरीची नुसती खाच.
कच्छमधल्या लिग्नाइटच्या खाणीत मिळाला म्हणाल्या,
खुरांचं जनावर, शेळीएवढं असेल, किंवा नसेल.
"खूर मिळाले?"
"नाही."
"पाय?"
"घोट्याचं एक हाड. तेही बहुतेक दुसऱ्याच कुणाचं."
"मग खुरांचं कशावरून?"
"दाढांवरून. गोत्र दाढेत असतं, हरेश्वरभाऊ."

हे मला लगेच पटलं.
एकतीस वर्षं मीही माणसं अशीच ओळखत आलोय.
डॉक्टरकडून साचा येतो, चेहरा येत नाही.
हा सुपारीवाला, ही झोपेत दात खाते,
हा सोड्याची बुचं दातांनी उघडायचा.
जांभळी नाक्यावर समोरून आले
तर नमस्कारसुद्धा व्हायचा नाही.

गुलाबी रबर कालवलं, ओतलं,
बुडबुडा राहू नये म्हणून श्वास धरला.
खाच दिसली की हात आपोआप मेणाकडे जातो,
भरणं हाच तर धंदा.
शेजारणींची उंची धरून
तिसरी दाढ अर्धी घडवूनही झाली होती
तेव्हा बाई म्हणाल्या, "नको.
जिथे नाही, तिथे नाहीच राहू दे."
मेण खरवडून काढलं.
त्या रिकामपणाच्या कडा उतरवताना
घेतली तेवढी काळजी
मी नगरसेवकाच्या पुढच्या दातांनाही घेतली नव्हती.

मग भिंगाखाली फिरवून पाहिलं,
तर दाढेची बाहेरची कड पार सपाट,
पाट्यासारखी गुळगुळीत.
मी म्हटलं, "हे एकाच बाजूनं चावायचं.
डावीकडे ठणका असणार याला. सूजही असेल."
"डावी बाजू मिळालेलीच नाही," बाई म्हणाल्या.
"मिळाली नाही तरी दुखायची."
त्यांनी वहीत काहीतरी टिपलं,
शेवटी प्रश्नचिन्ह काढलं.
ते प्रश्नचिन्ह मला आवडलं नाही.

घरी जाताना कळव्याच्या पुलावर स्कूटर थांबवली.
ओहोटी होती.
तबेल्यातल्या म्हशी चिखलातून उतरून गेलेल्या,
खुरांचे जोडजोड ठसे,
प्रत्येकात पाण्याचा एकेक घोट,
प्रत्येकात पलीकडच्या टॉवरचा तुकडा.
आमच्या डोंगरात कुणाचं हाड सापडायचं नाही,
पारसिक काय, येऊर काय, सगळा आगीचा दगड.
हाड टिकायला गाळ लागतो.
आणि मी इथला जन्मलेला माणूस
इतकी वर्षं गाळालाच नावं ठेवत आलो.
भरती यायच्या आत निघालो.

लॅबच्या वरच्या फळीवर
न नेलेल्या कवळ्या आहेत. चौदा.
सौ. कुलाबकर, राबोडी, वरची.
श्री. डिकुन्हा, फक्त खालची, अर्धे पैसे जमा.
कुणी मुलाकडे गेलं, कुणी गेलंच.
टाकवत नाहीत. चावायला तयार बसल्यात.

प्लास्टरचा एक नमुना जास्तीचा ओतला होता,
बाईंना सांगितलं नाही.
तो डिकुन्हांच्या शेजारी ठेवलाय.
छटेच्या रकान्यात लिहिलं, आमच्या पट्टीवर नाही.
'कधी हवंय'खाली आडवी रेघ.

सोमवारी धूळ झटकताना फैजाननं विचारलं,
"चाचा, हे कुणाचं?"
म्हटलं, डावीकडे दुखायचं ना,
त्याचं.