दहा इंच वर

महाराणी रोडवर झुंबरं मिळतात, लग्नाच्या माळा मिळतात,
देवघरात न विझणारा तांबडा दिवा
दीडशेला दोन मिळतो.
मुर्तजाभाईंना म्हटलं, पोवळ्यासाठी दिवा हवाय.
ते म्हणाले, अंगठीतल्या? त्याला कशाला दिवा, ताई?

म्हटलं, जिवंत पोवळं.
सुपारीएवढं, दगडाला चिकटलेलं,
पुण्याहून रात्रीच्या बसने आलेलं,
थर्माकोलच्या खोक्यात, आणि खोक्यावर
कुणीतरी चुकून लिहिलेलं – मिठाई.

कंपनीचा दिवा बेचाळीस हजारांचा.
त्याचा फोटो मी महिनाभर बघत होते,
लोक जमीन बघतात तसा.
ट्यूबा स्वस्त, पण दर वर्षी बदला.
मग मुर्तजाभाईंनी माळ्यावरून एक काळा डबा काढला,
परत आलेला माल, नाव नाही, गाव नाही,
पंचावन्न ठिपके निळे-पांढरे, मागे दोन बटणं,
आणि एक पंखा, जो सुरू झाला की
दुकानातलं मांजर उठून गेलं.
अडतीसशे. चौतीसशेला तुटलं.
वर एक टायमर, तो त्यांनी तसाच दिला.

समुद्र मी बादलीत करते.
खालून जलूदहून पंपांनी चढवलेली नर्मदा
एक दिवसाआड आमच्या नळाला येते.
ती निघाली होती खंबातच्या आखाताकडे,
मध्येच तिला धरून आम्ही इंदूरला आणलं.
मी ती गाळते, पिंपात मीठ घालते, रात्रभर ढवळत ठेवते.
सकाळी काटा बघते: पस्तीस.
पोचलीस बाई, म्हणते मी तिला,
जरा आडवाटेने.

पहिल्या दिवशी दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली.
चौतीसशे दिलेत, मग कंजुषी कशाला?
समोरच्या छाजेडबाई म्हणाल्या,
तुमच्याकडे रात्री निळं काय जळतं? पोलीस येऊन बसतात का?
चौथ्या दिवशी ते आक्रसलं.
सातव्या दिवशी कडा पांढरी पडली.
मला वाटलं, भुकेलंय.
आणखी दोन तास वाढवले.

पुण्याच्या ओजसला फोन केला.
उंची किती? – काचेवरच ठेवलाय.
तो जरा वेळ गप्प.
मग म्हणाला, मावशी, त्याच्या कातडीत भाडेकरू असतात,
हिरवे, डोळ्यांना न दिसणारे. उजेड खातात, याच्यासाठी रांधतात.
फार तापलं की हे त्यांनाच घराबाहेर काढतं,
आणि मग उपाशी बसतं.
दहा इंच वर घ्या. निळा तीस, पांढरा दहा.
आणि हात मागे बांधा.

बावीस वर्षं मी शाळेच्या प्रयोगशाळेत
भिंगं पुसते, मेणबत्त्या मोजून देते.
अंतर दुप्पट, उजेड चौथाई:
हे वाक्य माझ्यासमोर किती पोरांनी घोकलं असेल!
मला ते कळलं कपडे वाळत घालायच्या दोरीखाली,
विश्राम स्टुलावर, तोंडात दोन खिळे,
मी खाली शाळेची फूटपट्टी धरून,
नऊ... साडेनऊ... अजून थोडा...
डबा एका बाजूला कललेला आहे, आजही.
विश्राम म्हणतो, सूर्य तरी कुठे सरळ असतो.

आता दर रविवारी पाच टक्के, त्याहून नाही.
बटणाला हात लावायचा नाही म्हणून
मी पाटीवर तारखा लिहिते,
दळण आणायचं, गॅस, निळा पस्तीस.
वीज गेली की आम्ही दोघं काचेशी बसतो,
कोण कुणाला सोबत करतं कोण जाणे.

काल विश्रामच्या टॉर्चमध्ये
पांढऱ्या कडेवर एक हिरवा डाग दिसला,
मोहरीएवढा. किंवा तो शेवाळ असेल.
किंवा माझा चष्मा.

आज पंख्यात तेल घालायला डबा घेऊन गेले
तर मुर्तजाभाईंनी चहा मागवला, मग विचारलं,
काय ताई, जगलं का तुमचं पोवळं?
म्हटलं, अजून ठरवतंय.