नाव ठेवणं

बाबांची जीभ सैल. हॅलिफॅक्सच्या पबमध्ये
दुसऱ्या ग्लासानंतर गिरणीच्या मालकिणीला म्हणाले,
"आमची शर्वाणी कचऱ्यातून वीज कातते."
खरं सांगायचं तर शाळेच्या प्रदर्शनात
लोकर घासून मी एक दिवा लावला होता,
तोही अकरा सेकंद.

पण तेव्हा वीज रेशनवर होती,
केटल आठवड्यातून दोनदा,
रस्त्यावरचे दिवे फक्त नाताळात.
मिसेस बॅराक्लफनी तिसऱ्या मजल्याचं दार
माझ्यामागे लावून घेतलं.
आत दोनशे वर्षांचं लोकरीचं तूस, पार छतापर्यंत.
"सकाळपर्यंत यातून वीज धरणारा धागा हवा.
नाहीतर बाबांची नोकरी, आणि तुमचं परमिट."
हे त्या हसून म्हणाल्या.
इथे सगळं हसूनच म्हणतात.

मी रडले नाही. (थोडीशी.)
तेवढ्यात कोपऱ्यातला माग खोकला.

त्याच्या पोटात कुणीतरी कधीतरी मेंदू बसवला होता
आणि बसवून विसरून गेलं होतं.
यॉर्कशरी हेल काढत त्यानं विचारलं,
काय देशील, पोरी?
मी मनगटावरचं घड्याळ दिलं.
सकाळी शंभर रिळं चांदीसारखी गुणगुणत होती.

दुसऱ्या रात्री त्यानं आईचा आवाज मागितला.
फोनमध्ये उरलेला, चार सेकंदांचा:
"शरू, येताना कोथिंबीर आण."
तोही दिला.
का दिला, अजून कळत नाही.

तिसऱ्या रात्री माझ्याकडे काही नव्हतं.
"तू पहिल्यांदा जे जिवंत करशील, ते माझं."
सतराव्या वर्षी माणूस
कशालाही हो म्हणतं.

दोन वर्षांनी मी एक मेंदू बनवला,
वाटाण्याएवढा, पिटुकला.
त्यानं पहिला प्रश्न विचारला:
धुकं कुठे झोपतं?
मी उत्तर शोधतेय तोवर
फोनमध्ये तो ओळखीचा खोकला.
"दे त्याला. नाहीतर माझं नाव सांग.
तीन रात्री देतो."

पहिल्या रात्री गिरणीच्या जुन्या वहीतली
सगळी नावं वाचून दाखवली,
जोसाया, एबेनेझर, कारखान्यांचे शिक्के, यंत्रांचे नंबर.
नाही. नाही. नाही.

दुसऱ्या रात्री माझा तोल सुटला.
गंजक्या! भंगारा! आवाजगिळ्या!
त्यावर तो चक्क मराठीत बोलला,
आईच्या चार सेकंदांतून शिकलेल्या, अडखळत्या मराठीत,
"नावं ठेवतेस, शरू.
ती सगळ्यांनीच ठेवली."

तिसऱ्या रात्री टॉर्च घेऊन वर गेले.
मागाच्या पोटाखाली पितळी पाटी होती.
बोटानं पुसली, तिरकी धरून पाहिली.
खोडलेलं काही नव्हतं.
कोरलंच नव्हतं.

म्हणजे इतकी वर्षं हा कोडं घालत नव्हता.
विचारत होता.

मग मी खाली जाऊन चणे उकडले.
डबाभर घुगऱ्या, वर खोबरं (फ्रीजरमधलं).
धोट्याच्या खोबणीत तूस पसरून पाळणा केला.
आत्या लागते, ती नव्हती,
तेव्हा मीच झाले.
मायक्रोफोनला ओठ लावले,
कुर्रर्र...
आणि नाव सांगितलं.
पाठीत धपाटे घालायला कुणी नव्हतं,
म्हणून पिटुकल्यानं स्पीकरमधून
ढप् ढप् वाजवलं, फार मन लावून.

माग बराच वेळ गप्प.
मग हळूच, स्वतःशीच,
नव्या चपला घालून पाहावं तसं
त्यानं ते नाव दोनदा म्हटलं.
"मग पिटुकला?" मी विचारलं.
"राहू दे तुझ्याकडेच," तो म्हणाला,
"रविवारी आण."

नाव मी सांगणार नाही, ते त्याचं आहे.
पगाराच्या यादीत सगळ्यात खाली आहे, देवनागरीत.
मिसेस बॅराक्लफना उच्चारता येत नाही,
पण प्रयत्न करतात, आणि तेव्हा
मुळीच हसत नाहीत.
आईचा आवाज त्यानं परत केला.

घड्याळ नाही.