कात्री

नो साहेबांनी शेगडीवरच्या मांसाला कात्री लावली
आणि माझा हात आपोआप पुढे गेला,
अडवायला.

आमच्या घरी कात्रीला कापडाशिवाय काही ठाऊक नव्हतं.
भवानी पेठेत दुकान, वडील शिंपी.
दहा इंची, काळ्या मुठीची, हातात घेतली की मनगट वाकायचं.
तिनं कुणी नुसता कागद कापला
तरी दिवसभर अबोला.
खंडेनवमीला तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल,
त्या दिवशी गिऱ्हाईक आलं, तर उद्या या.

आणि इथे खराडीत, आयटीतल्या पोरांच्या कालव्यात,
टेबलाच्या पोटात निखारे,
छतातून खाली आलेलं धुरांडं, हत्तीच्या सोंडेसारखं,
आणि हा माणूस चिमट्यात धरून
कच् कच् कच्
तुकडे पाडतोय, डोळ्यांनीच मापून.
मी हात मागे घेतला.
तुकडे सारखे होते.
टूलरूममधल्या माणसाला याहून जास्त काय सांगायचं.

चार वर्षं रांजणगावला एकाच डायवर वाकलो आम्ही.
भाषा म्हणाल तर मायक्रॉन, बोटं, भुवया.
"दोन," म्हणायचा, आणि मान हलवायचा.
त्या दोनासाठी रात्रपाळ्या झाल्या,
एकदा मी पाना आपटला.
दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या डब्यातला ठेचा मागून घेतला,
कपाळ पुसत संपवला.
"मुकुंद, गुड."
नाव नो, पण ठेच्याला कधी नाही म्हणाला नाही.
परवा त्याचं विमान.

वाट्यांवर वाट्या आल्या. मोड, मुळा, लाल कोबी, काहीतरी काळं.
शैलजानं आधी डावी बाजू उजवी बाजू शोधली,
मग नाद सोडला.
तिचा गुरुवार, म्हणून तिच्यापुरते मश्रूम.
वाढणाऱ्या मुलीला तिनं विचारलं, "तुमच्याकडे रोज हेच का गं?"
मुलगी हसली.
"मी ऐझॉलची, काकू. मालसोमी.
हे सगळं मीपण पुण्यातच शिकले."
आणि जाळी बदलून गेली, सराईतपणे,
निखाऱ्याला धक्का न लावता.

मग पानं. हिरवी, तळहाताएवढी.
त्यात तुकडा, लसणाची कापटी, बोटभर तिखट,
चारी बाजूंनी मुडपायचं, विड्यासारखं,
आणि अख्खं तोंडात. अर्धं तोडायचं नाही.
ज्याच्यावर जीव, त्याला आपल्या हातानं भरवायचं,
असं नो साहेबांनी खुणेनं सांगितलं,
माझ्याकडे बघितलं,
शैलजाकडे बघितलं,
आणि वाट बघत बसले.

एकतीस वर्षांनी.
शेजारच्या टेबलावरची पोरं मोबाईल काढून तयार.
मी मश्रूमचा विडा केला, जरा मोठाच झाला,
ती चारचौघांत एवढं तोंड उघडेना,
मग उघडलं.
गाल फुगलेला, डोळ्यांत लसणाचं पाणी,
आणि तशातच, कुणी म्हटलं नव्हतं तरी:
"टेबलाच्या पोटात लालबुंद निखारे,
मुकुंदरावांचं नाव घेते, आधी तोंड रिकामं होऊ द्या रे!"

नो साहेबांना एक अक्षर कळलं नाही.
टाळ्या मात्र सगळ्यांत आधी त्यांच्या.

निघताना तिनं पर्समधून बरणी काढली.
ठेचा, तीनदा पिशवीत गुंडाळलेला.
त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, कमरेत वाकून,
आणि पार्किंगमध्ये रिक्षावाला म्हणेपर्यंत
तसेच उभे.

शर्टाचा धुराचा वास दोन धुण्यांत गेला नाही.
आज सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला,
कच् कच्.
वडिलांची नव्हे, ती कपाटात आहे, तेल लावून.
साधीच, लाल मुठीची. पोह्यांवर कोथिंबीर.
मी पेपर खाली केला,
तिनं माझ्याकडे बघितलं,
मी पेपर परत वर घेतला.