बसलेली स्त्री, कागदावर कोळसा

खुर्ची माझी, तिच्या समोरची.
दहा ते सहा. सोमवारी सुट्टी.
वूच शहरातली ही जुनी सूतगिरणी,
भिंती आता पांढऱ्या केल्यात, पण ओल धरली की
विटांना अजून यंत्राच्या तेलाचा वास सुटतो.
आई इथंच होती, दुसऱ्या पाळीत, बॉबिनांवर.
मी नुसती बसते. चित्राला हात लावू देत नाही.

स्टुलावर एक बाई, उघडी,
पाठ अर्धी वळलेली,
पोटाची घडी मांडीवर टेकलेली, फुगून आलेल्या कणकेसारखी.
चेहरा पुसून टाकलाय. रबरानं नाही, बोटानं;
अंगठ्याची रेघ न् रेघ दिसते.
आणि एका पायात मोजा. एकाच. निळा.

त्या मोज्यानं लोकांना वेड लावलंय.
विद्यापीठातल्या पानी कोर्नेलिया पोरं घेऊन येतात,
म्हणतात, हे कपडे उतरवणं अर्ध्यात थांबलंय,
हा नकार आहे, पाहणाऱ्याच्या तोंडावर.
एकजण म्हणाला, बाईपणाचा शेवटचा दागिना.
एक आजोबा बायकोला हळूच म्हणाले, विसरली असेल.
बायको म्हणाली, तुम्ही गप्प बसा.
मला आपलं वाटायचं,
फरशी गार असते या इमारतीत.

तिच्या मांडीवर आधी एक हात होता.
हे कुणाला ठाऊक नाही.
नोव्हेंबरात तीनच्या सुमाराला ऊन तिरपं येतं
तेव्हा कागदाच्या खळग्यांत तो वर येतो,
खोडलेला, रुंद, आखूड बोटांचा.
दहा मिनिटं. मग जातो.

गेल्या गुरुवारी एक माणूस आलं.
कातरलेले केस, दाट भुवया, बापाचा असावा असा ओव्हरकोट.
आला म्हणू की आली, जिभेवर क्रियापद अडलं;
आमच्या बोलीत त्याशिवाय उंबराही ओलांडता येत नाही.
मनातल्या मनात 'आलं' म्हटलं, लेकरू आल्यासारखं.
त्यानं चित्र पाहिलं, मग खालची पाटी वाचली.
"हे कुणी ठरवलं?"
"कोळसाच आहे तो," मी म्हणाले.
"कोळसा नाही. स्त्री."
काय सांगणार?
म्हटलं, "पाट्या ऑफिसातून येतात."
ते हसलं. हसताना हात तोंडावर गेला.
रुंद हात. आखूड बोटं.

मी घड्याळ पाहिलं आणि उठले.
"इथं बसा. इथूनच दिसतं. ऊन जायच्या आत."
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा खुर्ची कुणाला दिली.
बराच वेळ ते काही बोललं नाही.
मग, "मोज्याबद्दल काय म्हणतात लोक?"
"पुष्कळ काही."
"टाचेला भोक होतं. ते तिनं काढलंच नाही."

भिंतीवरचं ऊन सरकलं. कोटाची बटणं लावून
ते जिना उतरलं, निरोप न घेता.

संध्याकाळी नोंदवही भरली:
स्त्रिया चौदा, पुरुष नऊ, एकूण चोवीस.
सकाळी ऑफिसातून फोन. बेरीज चुकलीय, ब्रोनिस्वावाबाई.
म्हटलं, बघते.
अजून बघतेय.