उरलेल्या सहा गोळ्या

सोहारच्या बाहेर, जिथे दिव्यांचे खांब संपतात
आणि टँकरांची रांग सुरू होते,
तिथे रात्रपाळीला मी शहराचं धुवण मोजतो.
बाणकोटच्या खाडीवर बाप भरती मोजायचा.
धंदा तसा घराण्यातलाच, पाण्याचा.

शहर औषध गिळतं आणि बरंचसं परत पाठवतं:
इस्पितळाचं, कोंबड्यांच्या शेडचं, आमच्या कॅम्पाचं.
त्याला वास नाही, रंग नाही.
फक्त रय्या मॅडमच्या यंत्रात एक टोक वर उठतं,
पाला माशाच्या काट्यासारखं,
बारीक, आणि नेमकं घशाशी.

गाळातून तिने काही जीव वेगळे काढले.
ज्यानं मरायचं, तेच खाऊन हे जगतात, म्हणाली,
मात्र सवयीनं.
पहिल्या दिवशी कणभर. मग दोन कण.
मला हसू आलं.
पहिल्या जूनमध्ये मी भर दुपारी दोनदा ओकलो होतो,
तिसऱ्या जूनमध्ये त्याच उन्हात बसून डबा खाल्ला.

तोफज्जल म्हणाला, हे तर दही लावणं झालं.
विरजण, मी म्हटलं. पण आईचं विरजण
हललं की बिघडायचं.
ही बाटली रात्रभर हलती ठेवावी लागते,
पाळण्यासारखी, आणि पाळी माझी असते.

खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत, पासपोर्टच्या झेरॉक्सखाली,
माझ्या सहा गोळ्या होत्या, लाल-पिवळ्या.
मागच्या थंडीत खोकला थांबला तशा ठेवून दिल्या;
पुन्हा आला तर डॉक्टरचे पैसे वाचतील.
एका रात्री त्या मी तिच्या टेबलावर ठेवल्या.
कुणाच्या, तिने विचारलं नाही.
रजिस्टरात लिहिलं: सहा.
मग माझ्याकडे न बघता, मुकादम,
कोर्स पुरा करत जा.

नवव्या रात्री टोक निम्म्यावर आलं,
बाराव्या रात्री अजून खाली,
आणि तिथेच अडलं.
पूर्ण जात नाही, ती म्हणाली.
शिवाय हे जे शिकलेत, ते शेजाऱ्यांनाही शिकवतील,
नको त्या शेजाऱ्यांनाही.
म्हणून अजून टाकीत सोडलेले नाहीत. बाटलीतच.

फजरच्या आधी मी व्हॉल्व्ह उघडतो.
पाणी खजुरांकडे जातं, दुभाजकावरच्या
जांभळ्या फुलांकडे, ज्यांची नावं मला माहीत नाहीत.
खोकला आला.
मी थांबलो, मोजला.
एकच होता.